मतपेटीतून उभ्या राहणाऱ्या शाळा

टेक्सासमध्ये शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढायचं तर मतदारांना विचारावं लागतं, आणि विचारताना मतपत्रिकेवर एक वाक्य इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापावंच लागतं : ही मालमत्ता करातली वाढ आहे. करदर खरोखर वाढणार असो किंवा नसो, या वाक्यातून सुटका नाही. २०१९ साली तिथल्या विधिमंडळाने शाळांच्या पैशांविषयी जो जाडजूड कायदा केला, त्यातली ही तरतूद. त्याच कायद्याची दुसरी तरतूद अशी, की प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या मंडळाने तिसरीपर्यंतच्या मुलांच्या वाचनाचं आणि गणिताचं पाच वर्षांचं उद्दिष्ट ठरवून जाहीर करावं. ध्येय लिहायला लावणारा आणि पैसे मागताना मतदाराला सावध करणारा कायदा एकच आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे निकाल, त्यांची उद्दिष्टं आणि त्यांच्या इमारती एकमेकांपासून किती सुट्या चालतात, याची ही चांगली ओळख म्हणायची.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, असं समजलं तर घोटाळा होतो. देशात अशी तेरा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट्स आहेत. त्यांच्या सीमा शहराच्या हद्दीशी जुळतीलच असं नाही. बहुतेक ठिकाणी शाळांपुरतंच एक मंडळ मतदार निवडून देतात. ते मंडळ सुपरिंटेंडंट नेमतं आणि अनेक राज्यांत स्वतः मालमत्ता करही आकारतं. काही डिस्ट्रिक्ट्समध्ये दोन-चार शाळा, तर लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी पट लाखांत. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे वॉशिंग्टनचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्याही खाली. उरलेला भार राज्य आणि स्थानिक करदाते साधारण निम्मा-निम्मा उचलतात.

त्यातही दोन खिसे वेगळे. शिक्षकांचे पगार, वीजबिल, बस यांचा रोजचा पैसा एका खिशात आणि बांधकामाचा दुसऱ्या. बांधकामासाठी कर्जरोखे काढायचे आणि वीस-तीस वर्षं मालमत्ता करातून ते फेडायचे. गावाने लोकवर्गणी काढून शाळेची खोली बांधावी, तसाच हा प्रकार. फक्त वर्गणी सक्तीची, आणि ती भरणाऱ्या कितीतरी जणांची मुलं शाळेत नसतात. कर्जरोख्यांचा पैसा पगाराला वापरता येत नाही. म्हणून नवं कोरं सभागृह आणि शिक्षककपात या दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात, एकाच डिस्ट्रिक्टमधून येऊ शकतात, आणि वाचणारा चक्रावतो.

डॅलसच्या उत्तरेला असलेलं फ्रिस्को हे आता अनेक मराठी घरांत ऐकू येणारं नाव आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९चं अधिवेशन डॅलसला भरलं, त्यामागे या उपनगरांत वाढलेल्या वस्तीचाही हात असणार. २००० साली फ्रिस्कोची लोकसंख्या ३४ हजारांच्या आत होती. २०२०च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली. घर बघायला निघालेलं भारतीय कुटुंब स्वयंपाकघराआधी शाळेचं रेटिंग बघतं आणि दलालही ते आधीच छापून आणतो. फ्रिस्कोच्या मंडळाने एक धोरण जपलं : हायस्कूल फार मोठं होऊ द्यायचं नाही, पट साधारण दोन हजार शंभरपर्यंत ठेवायचा, म्हणजे संघात, बँडमध्ये, नाटकात जास्त मुलांना जागा मिळते. परिणामी आज तिथे बारा हायस्कुलं आहेत. प्रत्येकाला वेगळा मुख्याध्यापक, वेगळं सभागृह, वेगळी इमारत.

शेजारच्या ॲलन शहराने उलटा रस्ता धरला. एकच प्रचंड हायस्कूल, आणि त्याला शोभेल असं फुटबॉल स्टेडियम. ऑगस्ट २०१२मध्ये ६ कोटी डॉलर खर्चून ते उघडलं; १८ हजार आसनं, शाळकरी मुलांच्या सामन्यांसाठी. २००९ साली मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून हा पैसा आला. दोन वर्षंही झाली नाहीत तोच, फेब्रुवारी २०१४मध्ये, काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद करावं लागलं. दुरुस्त होऊन २०१५ साली पुन्हा खुलं झालं. मौज अशी, की मधल्या २०१४च्या हंगामात घरचं मैदान नसतानाही ॲलनचा संघ राज्यविजेता ठरला. फ्रिस्कोने त्या मानाने व्यवहारी हिशेब केला : शहर, शाळा आणि डॅलस काउबॉइज हा व्यावसायिक संघ यांनी मिळून २०१६ साली एक बंदिस्त स्टेडियम उभारलं आणि हायस्कुलांचे सामनेही तिथेच होऊ लागले.

स्टेडियमवर हसणं सोपं आहे. मतदार ते मंजूर का करतात, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बार्बरा बियासी, ज्युलियन लाफॉर्च्युन आणि डेव्हिड शोनहोल्झर या अर्थतज्ज्ञांनी २०२४च्या अभ्यासात बऱ्यापैकी दिलं आहे. अनेक राज्यांतल्या कर्जरोख्यांच्या निवडणुका त्यांनी तपासल्या. थोडक्यात मंजूर झालेले आणि थोडक्यात पडलेले प्रस्ताव शेजारी ठेवले. वातानुकूलन आणि हीटिंग यांसारख्या मूलभूत सोयी सुधारल्या, विषारी घटक काढून टाकले, की मुलांचे गुण वाढतात. आसपासच्या घरांच्या किमती मात्र वाढत नाहीत. खेळाच्या सुविधांचं बरोबर उलट : घरांच्या किमती चढतात, गुण जागच्या जागी. म्हणजे मुलाला ज्याचा फायदा होतो ते घर विकत घेणाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसतं त्याने मुलाचं वाचन सुधारत नाही. शाळेच्या छतावरचं हवा खेळवणारं यंत्र दाखवून कोणी मत मागितल्याचं ऐकिवात नाही.

ही यंत्रं किती आजारी आहेत, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने जून २०२०मध्ये सांगितलं. ४१ टक्के डिस्ट्रिक्ट्सना आपल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त शाळांतली हवा-उष्णतेची व्यवस्था बदलण्याची किंवा सुधारण्याची गरज होती. शाळा मोजल्या तर सुमारे ३६ हजार. या आकड्यांचा अर्थ बाल्टिमोरला आधीच कळून चुकला होता. जानेवारी २०१८च्या पहिल्या आठवड्यात, नाताळची सुट्टी संपवून मुलं शाळेत आली तर वर्ग गारठलेले. साठेक शाळांतून तक्रारी आल्या. जाड कोट आणि टोपी घालून, जमिनीवर एकमेकांना चिकटून बसलेल्या मुलांचे फोटो देशभर फिरले. नंतर जे बाहेर आलं ते थंडीपेक्षा बोचरं होतं : काही वर्षांत राज्याकडून दुरुस्तीसाठी मिळालेले कोट्यवधी डॉलर शहराच्या शाळाव्यवस्थेला परत करावे लागले होते, कारण कामं वेळेत किंवा ठरलेल्या खर्चात होत नव्हती. मार्चअखेर निधी परत जाण्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या कोणत्याही झेडपी सदस्याला समजावून सांगावी लागणार नाही.

श्रीमंत आणि गरीब डिस्ट्रिक्ट्समधल्या विषमतेला कायद्याचा शिक्का बसला तोही टेक्सासमधल्याच एका खटल्यात. सॅन अँटोनिओ शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स ही दोन डिस्ट्रिक्ट्स. एजवूड मेक्सिकन वंशाच्या कामकऱ्यांचं, अलामो हाइट्स सुखवस्तू. १९६७-६८ साली एजवूडमध्ये दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत होते, अलामो हाइट्समध्ये ५९४. आणि करदर? शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे एजवूडचा १ डॉलर ५ सेंट, अलामो हाइट्सचा ८५ सेंट. गरीब वस्ती जास्त दराने कर भरून कमी पैसा जमवत होती, कारण तिच्या घरांची किंमतच कमी. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक मोडक्या इमारती आणि अपुरे शिक्षक यांची तक्रार घेऊन न्यायालयात गेले. मार्च १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : संघराज्याच्या घटनेनुसार शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून शाळांचे खटले राज्याराज्यांच्या न्यायालयांत लढले जातात. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एजवूडच्या बाजूने कौल दिला, त्यातून १९९३ची ‘रॉबिन हूड’ योजना आली. श्रीमंत डिस्ट्रिक्ट्सच्या करातला काही भाग राज्य काढून घेतं. पण तो हिस्सा रोजच्या खर्चाच्या खिशातून जातो. कर्जरोख्यांच्या खिशाला रॉबिन हूड हात लावत नाही. वर्गातला शिक्षक त्यामुळे थोडाफार समपातळीवर आला. वर्गाच्या भिंती मात्र त्या त्या गावच्या ऐपतीनुसार राहिल्या.

साउथ कॅरोलायनातल्या डिलन गावची शाळा याचं बोलकं उदाहरण. तिच्या इमारतीचा काही भाग १८९६चा. शेजारून रेल्वे जायची आणि गाडी गेली की शिकवणं थांबायचं. तिथल्या आठवीतल्या एका मुलीने अमेरिकी संसदेला पत्र लिहिलं, आणि फेब्रुवारी २००९मध्ये अध्यक्ष ओबामांनी संसदेसमोरच्या भाषणात गळक्या छताचा, सोलवटलेल्या रंगाचा आणि दिवसातून सहा वेळा थांबणाऱ्या तासांचा उल्लेख केला. मुलगी त्या वेळी पाहुण्यांच्या सज्जात बसली होती. नवी शाळा २०१२ साली उभी राहिली, त्यात मोठा वाटा केंद्रीय कृषी खात्याच्या ग्रामीण विकास कर्जाचा होता. शाळेच्या इमारतीला कृषी खातं! एक शाळा बांधायला राष्ट्राध्यक्षांचं भाषण लागत असेल, तर उरलेल्या शाळांनी काय करावं, हे कोणत्या धोरणात लिहिलेलं असणार?

डेट्रॉइटने न्यायालयाचा रस्ता पुन्हा धरून पाहिला. २०१६ साली काही विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला : उंदीर, गारठा-उकाडा, पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत, अशा शाळेत वाचायला शिकण्याचा हक्कच हिरावला जातो. इमारत आणि वाचन यांना एकाच वाक्यात बसवणारा हा दावा दुर्मीळच. एप्रिल २०२०मध्ये अपील न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी तो मान्य केला. मे महिन्यात राज्याने तडजोड केली आणि पूर्ण खंडपीठाने तो निकालच रद्दबातल ठरवला, त्यामुळे हक्क कागदावर उरला नाही. दरम्यान ऑगस्ट २०१८मध्ये सुपरिंटेंडंट निकोलाय विटी यांनी सर्व १०६ शाळांमधले पिण्याच्या पाण्याचे नळ बंद करायला लावले होते, कारण तपासणीत शिसं आणि तांबं सापडलं. मोटारनिर्मितीच्या राजधानीत मुलं बाटलीबंद पाण्यावर आली. पुढे करोनाकाळात केंद्राने देशभरच्या शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, त्यातले सव्वा अब्जाहून अधिक डेट्रॉइटला मिळाले; मंडळाने २०२२ साली त्यातून ७० कोटी डॉलर इमारतींसाठी बाजूला काढले. एकदाच येणारा पैसा एकदाच करायच्या कामाला लावावा, हा हिशेब ज्यांनी ओळखला ते शहाणे निघाले. ज्यांनी त्यातून कायमच्या नेमणुका केल्या, त्यांना सप्टेंबर २०२४च्या मुदतीनंतर कात्री लावावी लागली.

इमारतीने शिक्षण सुधारतं का, याचा सर्वांत मोठा प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. कॅलिफोर्नियाने १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कर करयोग्य किमतीच्या एक टक्क्यावर बांधला. शाळांच्या कर्जासाठी दोन-तृतीयांश मतांची अट जुनीच होती. शहरात मुलं वाढत गेली, पण तीन दशकांहून अधिक काळ एकही नवं मोठं हायस्कूल झालं नाही. मग मुलांच्या तुकड्या पाडून शाळा बारा महिने चालवल्या गेल्या. काही शाळांत मुलांच्या वाट्याला १८०ऐवजी १६३ दिवसच शाळा यायची. दरम्यान जे हायस्कूल बांधायला घेतलं, ते बेलमाँट, जुन्या तेलक्षेत्रावर. खाली मिथेन निघाला, मग भूकंपाचा भ्रंश निघाला, काम थांबलं, चौकशा झाल्या, आणि शाळा वेगळ्या नावाने २००८ साली उघडली. २००० साली मतदारांनी मर्यादा ५५ टक्क्यांवर आणली, सोबत नागरिकांच्या देखरेख समितीची आणि लेखापरीक्षणाची अट घातली, आणि बांध फुटला. १३०हून अधिक नव्या शाळा झाल्या. त्यांतली रॉबर्ट केनेडींच्या नावाची, त्यांची हत्या झाली त्या अँबॅसडर हॉटेलच्या जागेवर २०१० साली उघडलेली, ५७ कोटी ८० लाख डॉलरची. तो आकडा ऐकून त्या वेळी शिक्षककपात सोसणाऱ्या पालकांचा संताप झाला, तो रास्तच होता.

तरीही निष्कर्ष बांधकामाच्या बाजूने जातो. दाटीच्या जुन्या शाळेतून नव्या शाळेत गेलेल्या मुलांचे गुण, विशेषतः गणितात, हळूहळू वाढले आणि त्यांची हजेरी वर्षाला सरासरी चार दिवसांनी सुधारली. चमत्कार नव्हे, पण मुलाला बसायला जागा आणि वर्षभराची शाळा मिळाल्याचा परिणाम नक्की.

आता उद्दिष्टांकडे. जानेवारी २००२मध्ये अध्यक्ष बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. २०१४पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात प्रवीण होईल, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्येक मूल! राज्यांनी मग प्रवीण म्हणजे काय, याची व्याख्याच सैल केली. मुदत जवळ आली तशा केंद्राने सवलती वाटल्या, आणि २०१५ साली कायदाच बदलून उद्दिष्टं राज्यांवर सोपवली. आज बहुतेक डिस्ट्रिक्ट्सची पंचवार्षिक योजना गुळगुळीत कागदावर असते आणि तीत न बसणारं काहीच नसतं. देशाचं प्रगतिपुस्तक म्हणवणाऱ्या राष्ट्रीय चाचणीचे २०२४चे निकाल जानेवारी २०२५मध्ये आले : आठवीतली साधारण एक-तृतीयांश मुलं वाचनाच्या मूलभूत पातळीच्याही खाली, त्या चाचणीच्या इतिहासातला सर्वांत वाईट आकडा. ‘असर’च्या अहवालांनी आपल्याकडे २००५पासून जी अस्वस्थता आणली, तिची अमेरिकी आवृत्ती म्हणता येईल.

याच निकालात मिसिसिपी चमकलं. २०१३ साली चौथीच्या वाचनात देशात एकोणपन्नासावं असलेलं हे गरीब राज्य २०२४ साली नवव्या क्रमांकावर आलं. २०१३च्या कायद्याने तिथे उद्दिष्ट एवढंच ठेवलं, की तिसरी ओलांडण्यापूर्वी मुलाला वाचता आलं पाहिजे. अक्षर-ध्वनीवर आधारलेली पद्धत, शिक्षकांचं नव्याने प्रशिक्षण, मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक, वर्षातून तीनदा चाचपणी, आणि तरीही वाचता येत नसेल तर तिसरीत पुन्हा एक वर्ष. या शेवटच्या अटीवर वाद आहे. मागे ठेवलेल्या मुलांमुळे चौथीची सरासरी फुगते, असं टीकाकार म्हणतात. आठवीपर्यंत ही कमाई तितकीशी पोचलेली नाही, हेही खरं. पण एकच मोजता येणारं ध्येय, दहा वर्षं न बदलता, हे फार थोड्यांनी करून दाखवलं आहे. शेजारच्या लुइझियानानेही तोच रस्ता धरून २०१९मधल्या पन्नासाव्या क्रमांकावरून सोळावा गाठला. आणि याच मिसिसिपीच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, ऑगस्ट २०२२अखेर शहराची पाणीव्यवस्था कोसळली. नळाला दाब नाही, शौचालयं चालत नाहीत, म्हणून शाळा ऑनलाइन कराव्या लागल्या. वाचनाच्या धड्यांचं यश आणि नळाचं अपयश एकाच राज्यात, आणि दोघांचे मालक वेगळे.

पट घटू लागला की हिशेब आणखी बिघडतो. ॲपलच्या कुपर्टिनोमध्ये घरांच्या किमती तरुण कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेल्या, वर्ग रिकामे पडले, आणि ऑक्टोबर २०२१मध्ये मंडळाने दोन प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न गडचिरोलीच्या पाड्यापुरता नाही, तो जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या दारातही येतो. फ्रिस्कोमध्येही वाढ थांबून पट उतरणीला लागला. नोव्हेंबर २०२४मध्ये मंडळाने एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जरोखे आणि रोजच्या खर्चासाठी वाढीव कर असे चार प्रस्ताव मांडले. मतदारांनी चारही फेटाळले. शाळा चांगल्याच आहेत, मग आणखी कशाला, असं म्हणणारे होते; मंडळाच्या राजकारणावर रागावलेले होते; मुलं मोठी झालेले, करबिलाने वैतागलेले होते. त्या गर्दीत मतपत्रिकेवरच्या कॅपिटल अक्षरांनी किती मतं फिरवली, हे मोजायला कोणतीच चाचणी नाही.

त्याच दिवशी ह्यूस्टनने याहून मोठा नकार दिला. राज्यातल्या या सर्वांत मोठ्या डिस्ट्रिक्टचा कारभार जून २०२३मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने ताब्यात घेतला होता. निमित्त व्हीटली हायस्कूलच्या वर्षानुवर्षांच्या नापास शेऱ्याचं. निवडून आलेलं मंडळ बाजूला झालं, माइक माइल्स सुपरिंटेंडंट म्हणून नेमले गेले. आखीव धडे, दररोज छोटी चाचणी, आणि कित्येक शाळांत ग्रंथालयाची जागा शिस्तीच्या आणि स्वाध्यायाच्या खोलीला. शिक्षक मोठ्या संख्येने सोडून गेले, पटही घसरला. गुण मात्र चढले : २०२३च्या मूल्यांकनात ५६ शाळांना ‘एफ’, म्हणजे नापास शेरा होता, २०२५मध्ये एकाही शाळेला नव्हता. या दोन वर्षांच्या मधोमध राज्याने नेमलेल्या मंडळाने ४.४ अब्ज डॉलरचा प्रस्ताव आणला. टेक्सासच्या शाळांच्या इतिहासातला सर्वांत मोठा. त्यात स्टेडियमची चैन नव्हती. जुन्या इमारतींची पुनर्बांधणी, हवा-उष्णतेची यंत्रणा, पाण्यातलं शिसं काढणं, सुरक्षा. अभ्यासक ज्याला गुणकारी म्हणतात तेच सगळं. कामगार संघटना आणि अनेक पालक म्हणाले, इमारती पडक्या आहेत हे मान्य, पण आम्ही न निवडलेल्या माणसांच्या हाती पैसा देणार नाही. सुमारे ५८ टक्के मतं विरोधात गेली. जून २०२५मध्ये राज्याने आपला ताबा आणखी दोन वर्षांनी, जून २०२७पर्यंत वाढवला. त्यानंतर कारभार टप्प्याटप्प्याने लोकनियुक्त सदस्यांकडे जाईल, आणि तीच यादी, तोवर महागलेल्या दरांनी, मतदारांपुढे पुन्हा ठेवण्याचं काम त्यांच्याकडे येईल.